कुंभकर्ण, सैतान आणि बेचाळीस मिनिटं

मार्च महिन्यातली गोष्ट. शिकागोजवळच्या आमच्या सबर्बात बर्फ वितळून नुसता चिखल झाला होता. बाहेर खेळायची सोय नव्हती आणि नऊ वर्षांची नात दोन दिवसांसाठी आमच्याकडे राहायला आलेली. रात्री झोपताना आजीनं तिला कुंभकर्णाला उठवण्याची गोष्ट सांगितली. ढोल, नगारे, हत्ती, अन्नाचे डोंगर, सगळं अगदी साग्रसंगीत. दुसऱ्या दिवशी सकाळी नात सीरियलचा बाऊल घेऊन माझ्यासमोर बसली आणि म्हणाली, "आबा, कुंभकर्ण ॲक्च्युअली किती उंच होता? विलिस टॉवरएवढा?"

आता खरं सांगायचं तर हा प्रश्न मला नवा नव्हता. साधारण पासष्ट वर्षांपूर्वी सातारा जिल्ह्यातल्या एका शाळेत मी हाच प्रश्न विचारला होता. टॉवरच्या जागी शाळेसमोरचं वडाचं झाड होतं, एवढाच काय तो फरक. गुरुजींनी उत्तर दिलं ते तळहातावर, छडीनं. "फार शहाणा झालास काय रे?" वर्ग खो-खो हसला. पुढे मी गणितात बरे मार्क मिळवत गेलो, इंजिनियर झालो, १९७४ साली इकडे आलो आणि छत्तीस वर्षं पुलांच्या तुळया आणि इमारतींची छतं यांचे हिशेब करून संसार केला. पण असले प्रश्न विचारायची सवय त्या दिवशी सुटली ती सुटलीच. नुसती सुटली असती तरी चाललं असतं. दुसऱ्यानं विचारलेलंही सहन होईनासं झालं. त्याबद्दल पुढे सांगतो.

"आधी खाऊन घे" असं म्हणणारच होतो. पण म्हटलं नाही. उठलो, कपाटातून वाल्मीकि रामायणाची जाडजूड प्रत काढली, चष्मा पुसला आणि युद्धकांड उघडलं. वाल्मीकींनी मोजमाप दिलेलं आहे, मंडळी! उंची सहाशे धनुष्यं आणि 'परीणाह' शंभर धनुष्यं. एक धनुष्य म्हणजे चार हात, म्हणजे साधारण सहा फूट. सहाशे गुणिले सहा, ३६०० फूट. विलिस टॉवर (आमच्या पिढीच्या तोंडी अजून सीअर्सच) छतापर्यंत १४५० फूट आहे. म्हणजे एकावर एक असे अडीच टॉवर. नातीनं दूध तसंच ठेवलं आणि पेन्सिल आणली.

मग परीणाहाची भानगड. त्याचा अर्थ घेर असा घेतला, तर घेर उंचीच्या एक षष्ठांश. माझी उंची सहासष्ट इंच. त्याच प्रमाणात माझ्या कमरेचा घेर अकरा इंच भरला असता. स्वयंपाकघरातून जोरात हसण्याचा आवाज आला, तो माझ्या पत्नीचा. अशानं लंकेचा महाबली अगदीच काडीपैलवान व्हायचा, म्हणून घेर सोडून रुंदी धरली. तेव्हा अकरा इंच रुंदी चालण्याजोगी झाली. पुढे डोळे गाडीच्या चाकांएवढे म्हटलेत. चाक धरा चार-पाच फुटांचं. माणसाचा डोळा जेमतेम एक इंच. सहाशे पट केला तर पन्नास फुटांचा हवा. नातीनं विचार केला आणि निकाल दिला, "म्हणजे त्याला डोळे ऑलमोस्ट नव्हतेच. म्हणून तो कुणाला ओळखत नसेल, सगळ्यांना खात सुटायचा."

हे सगळं चाललेलं असताना मला सारखा एक चोवीस वर्षांचा बेकार तरुण आठवत होता. त्यानं हाच उद्योग केला होता, पण सैतानाच्या बाबतीत, आणि तोही विद्वानांच्या भरसभेत. त्याचं नाव गॅलिलिओ गॅलिली.

साल १५८८. गॅलिलिओनं वैद्यकीचं शिक्षण अर्धवट सोडलेलं होतं, पदवी नव्हती, बोलोन्याच्या विद्यापीठात प्राध्यापकाची जागा मिळावी म्हणून केलेला प्रयत्न फसला होता. घरी काय बोलणी खावी लागत असतील याची कल्पना आपल्यापैकी ज्यांनी मेडिकल सोडलं त्यांनाच येईल. अशा वेळी फ्लॉरेन्सच्या अकादमीनं त्याला व्याख्यानं द्यायला बोलावलं. विषय होता दान्तेच्या महाकाव्यातला नरक. भक्तीचा नव्हे हं, भूमितीचा! नरकाचा आकार कसा, किती मोठा, कुठे सुरू होतो, कुठे संपतो?

ह्या प्रश्नामागे प्रादेशिक अस्मिता होती, आणि ती आपल्याला समजायला अजिबात जड जाऊ नये. फ्लॉरेन्सच्या आंतोनियो मानेत्तीनं नरकाचा एक नकाशा मांडला होता. पुढे लुक्का नावाच्या शेजारच्या गावातल्या वेल्लुतेल्लोनं तो खोडून काढून दुसराच मांडला. फ्लॉरेन्सच्या कवीचा नरक आणि मोजून कोण देणार, तर लुक्कावाला! मिसळ कुठली खरी, पुण्याची की कोल्हापूरची, यावर आपली माणसं इकडे पॉटलकमध्येसुद्धा हमरीतुमरीवर येतात, तसलाच प्रकार. फ्लॉरेन्सकरांना आपल्या माणसाची बाजू मांडणारा गणिती हवा होता आणि गॅलिलिओला नोकरी.

त्यानं काम चोख केलं. नरक म्हणजे एक शंकू. टोक पृथ्वीच्या मध्याशी, तोंड वर जेरुसलेमच्या भोवती. त्याचा व्यास पृथ्वीच्या त्रिज्येइतका. वरवर पाहणाऱ्याला वाटेल की नरकानं पृथ्वीचा सहावा हिस्सा व्यापला असेल. गॅलिलिओ म्हणाला, नाही, आर्किमिडीजच्या पद्धतीनं घनफळ काढा, चौदाव्या हिश्शापेक्षाही कमी भरतं. मी हे परत करून पाहिलं. उत्तर साधारण पंधरावा हिस्सा येतं. शाबास!

मग सैतानाची उंची. दान्ते सरळ आकडा देत नाही, तो आडून आडून सांगतो. नरकाच्या तळाशी असलेल्या एका राक्षसाचं तोंड रोममधल्या एका मोठ्या ब्राँझच्या सुरूच्या फळाएवढं आहे, असं तो म्हणतो. ते फळ होतं साडेपाच 'ब्राच्चो'. ब्राच्चो म्हणजे तिकडचा हात, सुमारे तेवीस इंचांचा. माणसाची उंची त्याच्या डोक्याच्या आठपट, म्हणून राक्षस चव्वेचाळीस हात. पुढे दान्ते म्हणतो की माणूस राक्षसाच्या जितका जवळ जातो, तितकेसुद्धा राक्षस सैतानाच्या नुसत्या बाहूच्या जवळ जात नाहीत. माणूस तीन हात धरला तर त्रैराशिक मांडा: बाहू निदान ६४५ हात. उंची बाहूच्या तिप्पट, १९३५. त्याहून जास्तच असणार, म्हणून राउंड फिगर दोन हजार.

दोन हजार ब्राच्चो म्हणजे आपल्या मापात सुमारे ३८०० फूट. आणि वाल्मीकींचा कुंभकर्ण ३६००! नातीला हे सांगितल्यावर ती टुणकन उठली. दोन वेगळे देश, दोन वेगळे काळ, आणि राक्षसांच्या उंचीत फरक अवघा पाच-सहा टक्के. ह्यात काही गूढ शोधायला जाऊ नका. मी फक्त आकडे सांगतोय.

इथपर्यंत गंमत झाली. माझ्यासारख्या छतवाल्या माणसाच्या काळजाला हात घालणारा भाग पुढेच आहे.

मानेत्तीच्या नरकाला वर झाकण होतं, म्हणजे जमिनीचंच कवच. त्याची जाडी पृथ्वीच्या त्रिज्येच्या एक अष्टमांश, सुमारे ४०५ मैल. शंका अशी आली की एवढ्या प्रचंड पोकळीवर एवढंसं कवच टिकेल का? कोसळणार नाही? गॅलिलिओनं आत्मविश्वासानं उत्तर दिलं. म्हणाला, ह्याच प्रमाणात एक छोटा घुमट बांधा. तीस हात रुंदीचा घुमट असेल तर जाडी होईल जवळजवळ चार हात. प्रत्यक्षात तीस हातांच्या घुमटाला एक हात जाडीही पुष्कळ झाली, अर्ध्या हातातही भागेल. मग नरकाचं छत कशाला पडतंय?

श्रोत्यांना पटलं. पुढच्याच वर्षी, १५८९ मध्ये, गॅलिलिओला पिसा विद्यापीठात गणिताच्या प्राध्यापकाची नोकरी लागली. व्याख्यानांचा त्याला हातभार लागला असावा.

आणि उत्तर साफ चूक होतं.

कुठलाही तरुण इंजिनियर आज हे सांगेल, पण त्या काळी कुणालाच ठाऊक नव्हतं. वस्तूची लांबी, रुंदी, जाडी, तिन्ही दुप्पट केल्या की वजन होतं आठपट. पण वजन पेलते ती काप घेतल्यावर दिसणारी जागा, क्षेत्रफळ, आणि ते होतं फक्त चौपट. म्हणजे दर इंचावरचा भार दुप्पट. आकार दहापट, तर भार दहापट. तीस हातांचा घुमट फुगवून सव्वातीन हजार मैलांचा केला की आकार वाढतो तीन लाख पट, आणि तितक्याच पटींनी दगडावरचा ताण. फ्लॉरेन्सचा नरक उभा राहायच्या आतच कोसळला असता. लुक्कावाल्यांना हे कळलं असतं तर पेढे वाटले असते!

ह्यापुढची हकीकत मला फार आवडते. ही व्याख्यानं गॅलिलिओनं स्वतः कधी छापली नाहीत. त्याच्या शिष्यानं, विव्हियानीनं, गुरूचं चरित्र लिहिलं, त्यातही ती नाहीत. ती छापून आली थेट १८५५ मध्ये. मार्क पीटरसन या अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञानं २००२ मध्ये एक मत मांडलं: गॅलिलिओला आपली चूक लवकरच उमगली, तो मनातून हादरला, आणि छताचा तो प्रश्न गुपचूप सोडवत बसला. पुरावा परिस्थितीजन्य आहे. पण ज्यानं कधी सही केलेल्या ड्रॉइंगमधली चूक रात्री दोन वाजता अंथरुणात आठवून घाम पुसलाय, त्याला हे मत लगेच पटेल. मला पटलं.

आता पुढे चला पन्नास वर्षं. १६३८. गॅलिलिओ आता चौऱ्याहत्तर वर्षांचा, आंधळा, चर्चच्या हुकमानं स्वतःच्याच घरात नजरकैदेत. इटलीत छापायची सोय नव्हती म्हणून त्याचं शेवटचं पुस्तक हॉलंडमध्ये लायडनला छापलं गेलं. 'दोन नवी शास्त्रं' असा त्याच्या नावाचा अर्थ. त्यातलं एक शास्त्र म्हणजे वस्तू का आणि केव्हा मोडतात. पुस्तकाची सुरुवात होते व्हेनिसच्या जहाज-कारखान्यात. छोट्या गलबताला लागतात त्या प्रमाणाबाहेर जास्त टेकू मोठ्या जहाजाला द्यावे लागतात, नाहीतर ते आपल्याच वजनानं मोडेल, हे तिथल्या जुन्या कारागिराला पक्कं ठाऊक होतं. का, ते गॅलिलिओ समजावतो. मग राक्षस येतात. माणसासारखाच, पण कितीतरी पट उंच राक्षस घडवायचा तर त्याची हाडं एक तर कुठल्या तरी जास्त कठीण पदार्थाची हवीत, नाहीतर बेढब जाड. पुस्तकात त्यानं एका साध्या हाडाचं आणि शेजारी एका राक्षसी हाडाचं चित्रच दिलंय. आणि देवमासा एवढा मोठा कसा, तर पाणी त्याचं वजन तोलून धरतं.

छत्तीस वर्षं ज्या शास्त्रावर माझं घर चाललं, ते असं सुरू झालं. सैतानाच्या घराचं छत पडेल का, या खुळचट प्रश्नाच्या चुकलेल्या उत्तरापासून! हे मला कॉलेजात कुणी सांगितलं नाही. सूत्र फळ्यावर लिहिलं, आम्ही वहीत उतरवलं, झालं.

नरकाचा विषय निघालाच आहे तर एक छोटी चक्कर. १९७२ मध्ये 'ॲप्लाइड ऑप्टिक्स' नावाच्या अगदी गंभीर नियतकालिकात एक निनावी टिपण आलं. बायबलमधल्या दोन उल्लेखांवरून त्यात तापमानं काढली होती. स्वर्गात आपल्या पन्नासपट प्रकाश, म्हणून तापमान ५२५ अंश सेल्सियस. नरकात वितळलेल्या गंधकाचं तळं, आणि गंधक ४४५ अंशांना उकळतं, म्हणून नरक त्याहून थंडच. सबब स्वर्ग नरकापेक्षा गरम! १९९८ मध्ये स्पेनमधल्या दोघा भौतिकशास्त्रज्ञांनी तो उल्लेख पुन्हा नीट वाचला आणि दुरुस्ती पाठवली, की स्वर्ग अवघा २३१.५ अंश आहे. चेष्टेतली चूकसुद्धा कुणीतरी तपासतं, ही ह्या मंडळींची रीतच आहे.

'गलिव्हर'ची गोष्ट लहानपणी आपण सगळ्यांनी वाचलेली. १७२६ सालच्या त्या पुस्तकात बोटभर उंचीच्या लिलिपुटी लोकांचे गणिती ठरवतात, की गलिव्हर आपल्या बारापट उंच, म्हणजे बारा गुणिले बारा गुणिले बारा, म्हणून त्याला १७२८ माणसांचं जेवण द्या. पहिल्या छापील प्रतींमध्ये हा आकडा १७२४ पडला होता. भूमिती ठीक, पण भूक वजनाच्या पटीत वाढत नाही. माक्स क्लायबर यांनी १९३२ मध्ये दाखवून दिलं की मोठा प्राणी वजनाच्या मानानं कमी खातो. त्या नियमानं गलिव्हरला २७० जणांचं ताट पुरलं असतं. बिचाऱ्या लिलिपुटींनी साडेसहा पट जास्त रांधलं. आमच्या मंडळाच्या दिवाळीच्या जेवणात दरवर्षी हेच होतं, पण तिथे क्लायबर कामाला येत नाही.

राक्षसांच्या हाडांचा प्रश्न पुन्हा हातात घेतला जे. बी. एस. हॉल्डेन यांनी, १९२६ मध्ये. योग्य आकाराचं असणं म्हणजे काय, यावर त्यांचा एक छोटासा निबंध आहे. लहानपणी एका सचित्र धार्मिक पुस्तकात साठ फुटी राक्षस पाहिलेले त्यांना आठवले. दहापट उंच म्हणजे हजारपट वजन, हाडाच्या कापाचं क्षेत्रफळ मात्र शंभरपटच. दर इंचावर दहापट भार. आणि माणसाच्या मांडीचं हाड साधारण दहापट वजनाला मोडतं. म्हणजे चित्रातला राक्षस पाऊल टाकता क्षणी मांडी मोडून बसला असता. म्हणूनच बहुधा चित्रात ते बसलेले होते, अशी हॉल्डेनसाहेबांची मल्लिनाथी. हे हॉल्डेन पुढे १९५७ मध्ये प्रशांतचंद्र महालनोबीस यांच्या संस्थेत कोलकात्याला आले, भारताचे नागरिक झाले, धोतर-कुडता घालू लागले आणि १ डिसेंबर १९६४ रोजी भुवनेश्वरला वारले. आपण सगळे ज्या दिशेनं आलो त्याच्या बरोबर उलट दिशेनं गेलेला माणूस. पासपोर्टच्या बाबतीत तरी मला त्यांच्यासमोर जरा ओशाळल्यासारखं होतं.

हॉल्डेनचं गणित मी नातीला शिकवलं. कुंभकर्ण सहाशेपट उंच. वजन सहाशेचा घन, एकवीस कोटी साठ लाख पट. हाडांचं क्षेत्रफळ तीन लाख साठ हजार पट. दर इंचावर सहाशेपट भार, आणि हाड मोडतं दहापटीला. "मग तो उभा राहिला की?" मी विचारलं. तिनं पेन्सिल चावली. मग तिचा चेहरा असा उजळला की काय सांगू. "आबा! म्हणूनच तो झोपून राहायचा!"

अहो, पासष्ट वर्षं! पासष्ट वर्षांपूर्वी हे उत्तर मला मिळालं असतं तर...! असो. झोपून तरी काय, अंगाखालचं मांस चेपलंच असतं. त्याला समुद्रात देवमाशासारखा तरंगत ठेवायला हवा होता, आणि लंकेला समुद्राची काय कमी? सैतानाचं मात्र बरं आहे. दान्तेनं त्याला छातीपर्यंत बर्फात रोवलाय, आणि तेही पृथ्वीच्या अगदी मध्याशी. न्यूटनच्या हिशेबानं तिथे गुरुत्वाकर्षण शून्य. वजनच नाही, तर हाड मोडणार कसं? कुंभकर्ण गेला, सैतान वाचला.

सगळेच असले हिशेब हसण्यावारी जात नाहीत, हे शिकागोत राहून विसरता येत नाही. 'शिकागोत पियानो सुरात लावणारे किती?' हा एन्रिको फर्मी यांच्या नावानं सांगितला जाणारा प्रश्न. शहरात माणसं किती, घरं किती, कितीजणांकडे पियानो, वर्षातून किती वेळा तो लावायचा, एक माणूस दिवसाला किती करेल. गुणाकार-भागाकार केला की उत्तर जवळपास येतं. घरबसल्या, कुणाला फोन न करता. हेच फर्मी १६ जुलै १९४५ च्या पहाटे न्यू मेक्सिकोच्या वाळवंटात पहिल्या अणुबॉम्बच्या चाचणीपासून दहा मैलांवर उभे होते. स्फोटाचा झोत पोचायच्या वेळी त्यांनी हातातले कागदाचे कपटे खाली सोडले. ते अडीच मीटर सरकले. त्यावरून त्यांनी अंदाज केला: दहा हजार टन टीएनटी. पुढच्या मोजमापांत तो वीस हजारांच्या वर निघाला. कागदाच्या कपट्यांवरून दुपटीच्या आसपास, म्हणजे अचाटच. पण हा किस्सा मी नातीला सांगितला नाही. तीन आठवड्यांनी हिरोशिमा झालं, हे त्याच्या पाठोपाठ सांगावं लागलं असतं.

तिला सांगितलं ते जयंत नारळीकरांचं. २०२५ च्या मे महिन्यात ते गेले तेव्हा इकडेही आमच्यापैकी अनेकांना घरचं माणूस गेल्यासारखं झालं. त्यांची पद्धत अशी होती, की मुलं स्वाक्षरी मागायला आली की ते म्हणत, पोस्टकार्डावर एक प्रश्न लिहून पाठव. उत्तर येई आणि उत्तराखाली सही. प्रश्न विचारल्याखेरीज सही नाही! आजकालच्या मुलांना रँडल मन्रो ठाऊक आहे. नासातलं काम संपल्यावर काड्यांची चित्रं काढणारा हा गृहस्थ २०१२ पासून लोकांच्या चमत्कारिक प्रश्नांना अस्सल पदार्थविज्ञानानं उत्तरं देतोय. नातीच्या घरी त्याचं पुस्तक आहे. ते तिच्या बाबानं आणलेलं.

तिचा बाबा म्हणजे आमचा मुलगा. आता तो सुरुवातीला राहिलेला विषय.

१९८३ ची हिवाळ्याची संध्याकाळ. माझी आई सहा महिने आमच्याकडे राहून साताऱ्याला परत निघाली होती. तिला ओहेअरला सोडून आम्ही घरी येत होतो. बर्फ पडत होतं, रस्ता दिसत नव्हता, कुणी बोलत नव्हतं. मागच्या सीटवरून सात वर्षांच्या मुलानं विचारलं, "बाबा, इथून आजीच्या घरापर्यंत सरळ भोक पाडलं आणि त्यात उडी मारली तर किती वेळ लागेल?" मी म्हटलं, "वेड्यासारखं काहीतरी विचारू नकोस." आवाज कुठला, तर तो गुरुजींचाच. त्यानं पुन्हा विचारलं नाही. पुढे कॉलेज, नोकरी, लग्न, सगळं यथासांग झालं. आमचं भांडण कधीच नाही. फोनवर तो हवामान विचारतो, मी गाडीचं मायलेज विचारतो. आई १९८५ मध्ये गेली, ती परत इकडे आली नाही.

आणि त्या प्रश्नाला उत्तर होतं, हो! पृथ्वीच्या आरपार भोकातून टाकलेला तोफगोळा दुसऱ्या टोकाला तेवढाच वर येऊन परत फिरेल, हे खुद्द गॅलिलिओनं १६३२ च्या पुस्तकात लिहून ठेवलं होतं. १९६६ मध्ये, मी शाळेत होतो तेव्हा, पॉल कूपर यांनी गणित छापलं. भोक मध्यातूनच जायला हवं असंही नाही. पृथ्वी सगळीकडे सारख्या घनतेची धरली आणि घर्षण नसलं, तर कुठल्याही दोन गावांमध्ये सरळ बोगदा काढा, वेळ तोच. बेचाळीस मिनिटं. शिकागो ते मिलवॉकी बेचाळीस, शिकागो ते सातारा बेचाळीस. शिकागोहून सरळ खाली खणलं तर माणूस ऑस्ट्रेलियाच्या नैर्ऋत्येला समुद्रात निघेल. साताऱ्यासाठी तिरकं खणावं लागेल. लांबी सुमारे १०,९०० किलोमीटर, सर्वांत खोल जागी ३,१०० किलोमीटर, म्हणजे वितळलेल्या लोखंडातून वाट. मध्यावर वेग सेकंदाला पावणेसात किलोमीटर. आणि आजीच्या अंगणात डोकं वर निघेल तेव्हा वेग शून्य. अलगद.

नातीला न्यायला मुलगा रविवारी आला. कुंभकर्णाचे कागद तिनं त्याला दाखवले, तो हसला. मी काही बोललो नाही. ते गेल्यावर रात्री बसून हा हिशेब एका कागदावर स्वच्छ लिहून काढला, वर "तुझा १९८३ चा प्रश्न" असं लिहिलं, फोटो काढला आणि त्याला पाठवून दिला. पत्नी म्हणाली, त्याला आठवणारसुद्धा नाही.

साडेअकराला उत्तर आलं. "बाबा, बोगद्यातली हवा काढलीत का?" पाठोपाठ दुसरं. "आणि पृथ्वी फिरते. आपण भिंतीला घासत जाणार."

दोन्ही मुद्दे बरोबर आहेत. हवा मी काढली होती, पण लिहायची राहिली होती. पृथ्वी फिरते ते मात्र मी विसरलोच होतो. त्यानंतर गेले काही रविवार आम्ही फोनवर ह्याच बोगद्यात आहोत. बोगद्याला बाक दिला तर घासणं टळेल का, आणि मग बेचाळीस मिनिटांचं काय होईल. नातीचं म्हणणं, एवढी भानगड कशाला, गाडीला बाजूनं चाकं लावा. कुंभकर्णाच्या डोळ्यांएवढी.